पाच किलो तूरडाळ

लातूरच्या घरात फरशीवर वजनकाटा ठेवून आई माझी बॅग तिसऱ्यांदा भरत होती. एका बॅगेला २३ किलोची मर्यादा. स्वेटर निघाला, जादाचे बूट निघाले, पिकांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक निघालं. पाच किलो तूरडाळ मात्र निघाली नाही. "तिकडं काय मिळतंय काय नाही, देव जाणे," म्हणत तिने डाळीच्या चारी बाजूंना येसूर, काळा मसाला, कारळाची चटणी आणि शेंगदाण्याची लाल चटणी दाबून बसवली. २०१६ चा ऑक्टोबर सरत आला होता. एका संस्थेचा स्वयंसेवक म्हणून मी दोन वर्षांसाठी मलावीला निघालो होतो.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे ब्लँटायर, आणि तिथून मिनीबसने चिराद्झुलू जिल्ह्यातलं एक गाव. ज्या घरात मला खोली मिळाली, त्या घरच्या म्हातारीला सगळे 'आगोगो' म्हणायचे. चिचेवा भाषेत आगोगो म्हणजे आजी. मी बॅग उघडली तेव्हा ती दारातच उभी होती. तिने डाळीची पिशवी उचलली, चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाली, "नंदोलो?" मला कळेना. तिने मनगट धरून मला घरामागे नेलं. चुलीच्या खोपटाला टेकवून तुराट्यांचा भारा उभा होता. शेजारी टोपल्यात तूर. लालसर, टपोरी. मग नातवाच्या तोंडून तिने विचारलं, "तुमच्या देशात ही पिकत नाही का?"

पिकते, म्हणालो. आमचं गाव तर डाळीचंच गाव आहे.

"मग इकडे कशाला आणलीस?"

या प्रश्नावर मी पुढे कितीतरी दिवस हसलो. वर्षभराने हसू येईनासं झालं.

मलावीत तूर होते हे मला माहीतच नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आबा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम होते. सौद्याची भाषा आमच्या घरात ताटावर बसल्यावरही चालायची. लेमन म्हणजे बर्माची तूर, अरुषा आणि मटवारा टांझानियाची, गजरी मोझांबिकची, आणि एक 'मलावी लाल'. आंब्याच्या जाती ऐकाव्यात तशी ही नावं मी ऐकली होती. मलावी हा देश आहे हे ठाऊक होतं. त्या देशात एखादी म्हातारी ती तूर टोपल्यात भरून ठेवते, हे कधी डोळ्यांपुढे आलं नव्हतं. आईने दिलेली डाळ लातूरच्याच गिरणीतली. ती कुठल्या मातीतल्या तुरीची होती, कुणी सांगावं? त्यांचीच तूर, सालं काढून, फटका डाळ होऊन मी त्यांच्याच दारात परत नेली असेल.

जाण्यामागचं कारणही सांगून टाकतो. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती १२ एप्रिलला. आम्ही घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. त्याच एप्रिलमध्ये, त्याच एल निनोच्या दुष्काळामुळे मलावीच्या राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. ती बातमी मी मोबाइलवर वाचली आणि मनात आलं, दुष्काळ आपल्याला कळतो, आपण तिथं उपयोगी पडू. कृषी पदवी होती, नोकरी धड नव्हती, लग्न ठरत नव्हतं. यातलं कुठलं कारण किती टक्के, ते मला अजून मांडता आलेलं नाही.

मदत करायला जाताना काय चुकू शकतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझं आजोळ नांदेडचं. कॉलेजसाठी मी नानांकडे राहायचो. २००८ साली शिखांच्या गुरु-ता-गद्दीला ३०० वर्षं झाली तेव्हा नांदेडात देशोदेशीचे लोक लोटले होते. मी मित्रांबरोबर लंगरमध्ये सेवेला गेलो आणि पहिल्याच दिवशी डाळीची बादली उचलून वाढत सुटलो. रात्री नानांना फुशारकीने सांगितलं. ते म्हणाले, "आधी पंगतीत बसलतास का? दोन्ही हात पुढं करून रोटी घेतलीस का? मग वाढायला कशाला उठलास?" दुसऱ्या दिवशी मी आधी बसलो. ओंजळीत रोटी पडेपर्यंत थांबायला किती वेळ लागतो, तो वेळ मांडीला किती जाणवतो, हे तेव्हा कळलं.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा मी चार वर्षांचा. मला आठवतं ते नंतरचं, मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं: रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग, जे कुणी अंगाला लावले नाहीत. दूर माळावर आखीव रस्त्यांची नवी गावं वसली, पण चौकटीतल्या त्या घरांत जनावर कुठं बांधायचं, कडबा कुठं रचायचा, हे शेतकऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. आमच्या मुलखात हे सगळे बोलतात. मीही बोलायचो.

तरी मलावीत मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दार लावून जेवलो.

तिथलं रोजचं जेवण म्हणजे एन्सिमा. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी किंवा कडधान्य. एन्सिमा पोटात गेली नाही तर माणूस जेवला असं तिथं कुणी मानत नाही. आपल्याकडे भाकरीचं तसंच. पहिल्या आठवड्यात मी ती दोनदा खाल्ली, बेचव म्हणून बाजूला सारली, आणि संध्याकाळी खोलीत शेगडीवर वरण-भात लावू लागलो. येसूर घातलेल्या आमटीचा वास घरभर जायचा. आगोगो दारावर टकटक करून जेवायला बोलवायची. मी आतूनच "झिकोमो", म्हणजे आभार, म्हणायचो. दहा-बारा दिवसांनी तिने बोलावणं बंद केलं. मला वाटलं, बरं झालं, त्यांचा एक घास वाचला. दुष्काळातून निघालेलं घर, त्यांच्या तोंडचं कशाला खायचं? असं मी स्वतःला पटवलं होतं. नातवाने एकदा सरळच विचारलं, "आगोगोचं अन्न तुला घाण वाटतं का?"

त्या रात्री मी बाहेर येऊन बसलो. आगोगोने जगमधून माझ्या हातांवर पाणी ओतलं. ताटात एन्सिमा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी होती. घास तोंडात गेला आणि मी थांबलो. भाजीला शेंगदाण्याचं कूट होतं. अगदी आईच्या हातचं, न भाजलेल्या दाण्यांचं एवढाच फरक. तिकडे त्याला एन्सिंजिरो म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उखळात दाणे कुटत होती. हातातल्या मुसळाला म्हणतात 'मुसी'. मी तो शब्द तिच्याकडून दोनदा वदवून घेतला. मुसळ, मुसी. योगायोगच असणार, पण पोटात काहीतरी सैल झालं.

त्यानंतर मला घर सगळीकडे दिसू लागलं. ब्लँटायरजवळ लिंबे नावाचं बाजाराचं शहर आहे. तिथे गुजराती मंडळींची जुनी दुकानं आहेत. एक शनिवार सोडून मी तिथे मिनीबसने जायचो. एकदा बाजारात मपिरा दिसला. मपिरा म्हणजे ज्वारी, खालच्या कोरड्या शिरे खोऱ्यातून आलेली. पाच किलो घेतली, गावातल्या मक्याच्या चक्कीवर दळून आणली. चक्कीवाल्याने आधीचं मक्याचं पीठ झाडलं नव्हतं, त्यामुळे पहिली भाकरी थापताना चिरली, दुसरी तव्यावर टाकताना मोडली. तिसरी फुगली. कोळशाच्या शेगडीवर, आगोगोच्या अंगणात, टम्म फुगली. जमलेली पोरं ओरडली. मी त्या भाकरीचा फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "कडा जाड राहिल्यात."

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येळवस आली. लातूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे बाजारपेठ ओस पडते आणि सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे आणि खीर खायची, आणि ज्वारीच्या पिठाचं ताकातलं आंबिल प्यायचं. चिराद्झुलूत तेव्हा पावसाळा ऐन भरात होता. मी पहाटे आगोगोच्या शेतात जाऊन पाच दगड धुऊन मांडले. आंबिलाला ताक नव्हतं, पण थोब्वा होता: मक्याचं पीठ शिजवून, त्यात मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं पेय. आंबट-गोड, दाटसर. डोळे मिटून प्यायलं तर शिवारात बसल्यासारखं वाटायचं. दुपारी शेजारचा शेतकरी आगोगोकडे तावातावाने आला. माझ्या बांधाजवळ या परक्याने दगड कशाला मांडले? माझ्या पिकावर काही करतो आहे का? आगोगोने त्याला बसवलं, थोब्वा दिला, ही याच्या गावची पूजा आहे म्हणून सांगितलं. मला मात्र संध्याकाळी एकच वाक्य ऐकवलं, "आधी मला सांगायचं."

आता खरी चूक. ती या येळवशीच्याही महिनाभर आधी घडली होती.

संस्थेचं काम पोषणाचं होतं. परसबाग, लहान मुलांचा आहार, मक्यात तूर आणि भुईमूग कसा घ्यायचा, एवढंच. नोव्हेंबरात, पेरणीच्या तोंडावर, गावच्या गटाची आंब्याखाली बैठक होती. तीसेक जण, बहुतेक बाया. प्रत्येकीची जमीन एक-दोन एकर, तीही खोऱ्याने वरंबे ओढून कसायची. मी तुरीच्या मुळांबद्दल, पाला गळून जमिनीला मिळणाऱ्या खताबद्दल बोललो. ते पाठ होतं. मग एकीने विचारलं, "भारतात नंदोलो कोण खातं?"

तिथे मी सुटलो. लातूरचं वर्णन केलं. सोळा रस्ते एकत्र येतात ती गंजगोलाई, मार्केट यार्डातले हमाल, डाळ गिरण्यांचा भुसा. वर्षापूर्वी आमच्याकडे तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती, त्याचे मी तिथल्या चलनात क्वाचे करून सांगितले. जुलैमध्ये भारत सरकारने मोझांबिकशी करार केला होता: वर्षाला एक लाख टनांपासून सुरुवात करून दोन लाख टनांपर्यंत डाळी घ्यायच्या. मोझांबिकची हद्द तिथून फार लांब नव्हती. तेव्हा तुम्ही पिकवाल तेवढी जाईल, म्हणालो. "आमच्या गावाला जाईल."

हे वाक्य बोलताना मला फार छान वाटलं होतं, ते मला अजून आठवतं. महिनाभर कुढत होतो. अचानक माझं गाव आणि त्यांचं गाव एका दोरीने बांधलेलं दिसलं, आणि दोरी माझ्या हातात होती. मला घर सापडलं होतं. त्या आनंदात मी सल्ला दिला.

त्यांनी तो ऐकला, कारण मी भारतातला होतो. तूर जिथे जाते तिथलाच माणूस सांगतो आहे, मग शंका कशाला? नऊ घरांनी भुईमुगाची पट्टी मोडून तिथेही तूर घेतली. त्यातल्या एका विधवा बाईने बियाण्यासाठी गटातून कर्ज काढलं. गावच्या बचत गटाला तिकडे 'बँक म्खोंडे' म्हणतात, म्हणजे ओसरीवरची बँक. पेटीला कुलपं, व्याज ठरलेलं, हिशेब सगळ्यांसमोर. त्या वहीत तिच्या नावापुढे रक्कम लिहिली गेली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. कौतुकाने बघत.

करार मोझांबिकशी होता. त्यात मलावीचं नाव नव्हतं. मी बातमी मथळ्यापुरती वाचली होती, बाकीची मनाने लिहिली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चूक एकच राहिली असती. फेब्रुवारीपासून आबांचे फोन वेगळे यायला लागले. २०१६ ला लातूरवर पाऊस चांगला झाला होता. भाव बघून सगळ्यांनी तूर लावली होती. देशातलं पीक आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट झालं. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये क्विंटल, बाजारात मात्र त्याच्या कितीतरी खाली. खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा, माणसं पोत्यांवर झोपलेली, आणि केंद्रावर बारदाना नाही. आबा म्हणायचे, "लोक चार-चार दिवस काट्यावर बसायलेत रे." मी ते आवडीने ऐकायचो. रोज रात्री अंगणात बसून, हातात चहाचा कप घेऊन, कोण कुठे अडकलं, कुणाची तूर भिजली हे मी गावाकडची खबर म्हणून ऐकत होतो. वीस पावलांवर तीच तूर वाढत होती. तिची रोपं माझ्या कमरेला लागली होती, मग खांद्याला लागली. लातूरला तूर विकली जात नसेल तर इकडची कोण घेणार, हा हिशेब दुसरीतल्या पोरालाही सुटला असता. मला सुटला नाही, असं मी बरेच दिवस सांगत आलो. खरं असं की एप्रिलमध्ये एका रात्री तो सुटला होता. मी कूस बदलून झोपलो.

तेव्हा बोललो असतो तर पीक मोडता आलं नसतं, पण काही करता आलं असतं. हिरव्या शेंगा लवकर तोडून बाजारात नेता आल्या असत्या. कर्जाचा हप्ता दुसऱ्या कशातून उभा करता आला असता. जून-जुलैत, तिकडच्या थंडीत, शेंगा भरल्या तेव्हा आगोगो त्या मिठाच्या पाण्यात उकडून टोपलं भरून अंगणात आणायची. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत उकडतात तशाच. आम्ही चुलीभोवती बसून शेंगा सोलायचो, टरफलं विस्तवात टाकायचो. त्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोठं सुख कोणतं विचाराल तर त्या संध्याकाळी. आणि त्यातल्या प्रत्येक संध्याकाळी मी गप्प बसलो होतो.

५ ऑगस्ट २०१७ च्या भारत सरकारच्या आदेशाने तुरीची आयात मोकळी राहिली नाही. वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा आली. सरकारी करारांतला माल तेवढा वगळला. म्हणजे करार असलेल्या मोझांबिकला तरी दार किलकिलं राहिलं, मलावीला तेही नाही. आबांचा फोन आला तेव्हा त्यांच्या आवाजात कितीतरी महिन्यांनी उभारी होती. "बाहेरची बंद केली सरकारनं. आता तरी भाव सुधरंल."

"बरं झालं," मी म्हणालो.

आपोआप आलं ते तोंडातून. लातूरचा होतो, मुनिमाचा मुलगा होतो, माझे दोन चुलते शेतकरी होते. मी दुसरं काय म्हणणार? फोन कानाला तसाच होता आणि समोर अंगणात चटईवर आगोगोची तूर वाळत पडली होती. ती उकिडवी बसून हाताने पसरत होती, मधूनच खडा वेचून मागे टाकत होती. शेजारची कोंबडी चटईवर आली की "श्श" करायची. आबा पलीकडून म्हणाले, "ऐकायलास ना?" मी हो म्हणालो.

पुढचे दोन आठवडे मी गटाकडे फिरकलो नाही. अहवाल लिहायचा आहे, ताप आहे, अशी कारणं दिली. लिंबेला तीन फेऱ्या मारल्या. दार लावून भाकऱ्या खाल्ल्या. चांगल्या जमू लागल्या होत्या, कडाही पातळ. तेवढ्यात गावात सायकलवर पोती बांधून छोटे व्यापारी येऊ लागले आणि गेल्या वर्षीच्या निम्म्यानेही भाव विचारेनात. मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिकच्या बैरा किंवा नकाला बंदराला जायचा, तिथून भारतात. शेवटी घेणारा एकच, आणि त्याने हात आखडल्यावर इतर कुणाकडे जायची सोय नव्हती.

शेवटी आगोगोनेच मला बैठकीला नेलं, पहिल्या दिवशी परसात नेलं होतं तसंच, मनगट धरून. तिला कुणी सांगितलं होतं, का तिनेच ताडलं, मी विचारलं नाही. आंब्याखाली बसून मी सगळं सांगितलं. करार कुणाशी होता, मी काय गृहीत धरलं, फेब्रुवारीपासून मला काय माहीत होतं. हे शेवटचं सांगताना दुभाषा मुलगा अडखळला. त्याला वाटलं, त्याला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणालो.

कुणी ओरडलं नाही, पण कुणी माफही केलं नाही. कर्ज काढलेली बाई माझ्याकडे न बघता गवताची काडी मोडत होती. मी म्हणालो, तुमचा हप्ता मी भरतो. तेव्हा वही सांभाळणारी बाई पहिल्यांदा बोलली. या पेटीत बाहेरचा पैसा येत नाही. आज तू भरलास तर पुढच्या वर्षी प्रत्येकजण भरणारा कोण ते शोधेल, आणि तू तर घरी गेलेला असशील. मग ती म्हणाली, "तुला जमिनीचं माहीत आहे, तेवढं सांगत जा. भाव आम्ही लिंबेला जाऊन विचारून येऊ."

त्या बाईने कर्ज फेडलं. मंदासी, म्हणजे तळलेले गोड गोळे, शाळेपुढे विकून आणि एक बकरी काढून. बकरी गेली त्या दिवशी मी घरी होतो; ओरडण्याचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत आला. उरलेली तूर बऱ्याच जणींनी घरातच खाल्ली. मी एकदा उत्साहाने उखळात डाळ करून दाखवली, आगोगोला येसूर घालून आमटी वाढली. तिने वाटी संपवली आणि सालं पडलेल्या सुपाकडे बघून विचारलं, "एवढं खायचं टाकून का देता?" तिथे पुढे कुणी डाळ केली नाही. अख्खी नंदोलोच त्यांना बरी लागते. आता मलाही लागते.

२०१८ च्या ऑक्टोबरात परतलो. निघताना आगोगोने कुटाची पुडी दिली. बॅग हलकी होती. आईने दिलेल्या डाळीतली शेवटची दोन वाट्या डाळ मी तिच्याच चुलीवर शिजवून आलो होतो.

परक्या ठिकाणी घरचा वास आला की जीव थाऱ्यावर येतो, त्यात वावगं काही नाही. त्या कुटाने, त्या फुगलेल्या भाकरीने मला तिथे टिकवलं. पण तूर ओळखीची दिसली म्हणून मला तूर कुणाच्या घरी काय करते हे कळलं, असं मी समजलो. शेंगेची चव एक होती. तिच्या मागचं कर्ज, बकरी, बंदर, सरकार, हे सगळं वेगळं होतं. नानांच्या भाषेत सांगायचं तर पंगतीत मी बसलो खरा, पण बादली आधीच वाढून झाली होती.

२०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली, आणि जूनमध्ये मलावीशीही करार झाला: पाच वर्षं, दरवर्षी ५० हजार टन. लातूरच्या आडतीवर त्यावरून चांगलीच तणतण झाली. आपल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय, असं ज्यांनी म्हटलं त्यांच्यात माझे चुलतेही होते, आणि ते चुकीचं बोलत होते असं मला म्हणवत नाही. आबा आता घरीच असतात. मी आडतीवर गेलो की ओळखीचे लोक मला मलावीवाला म्हणतात. कुणी नमुन्याची तूर तळहातावर धरून विचारतं, "काय रे, तिकडं यंदा पीक कसं हाय? माल उतरंल का?"

आगोगोच्या नातवाचा नंबर माझ्याकडे आहे. तिकडचं घड्याळ साडेतीन तास मागे चालतं, त्यामुळे सकाळी फोन लावून उपयोग नसतो.

"विचारून सांगतो," म्हणतो मी.